किल कुणाच्या नावावर?

पोस्ट मोठी आहे. विमानांच्या ऑनलाइन गेमबद्दल आहे, पण वाचत गेलात तर नाशिकच्या कुंभमेळ्यापर्यंत पोचाल. आधीच सांगून ठेवतो, मागाहून तक्रार नको.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, तेव्हापासून भेटेल तो विचारतो, "काय हो, तुमचं ते विमानांचं बंद झालं का?" नाही झालं. बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या गेमवर. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने उलट मान्यता दिली आहे. आमच्या खेळात पैसे लावत नाहीत. पैसे जातात ते जॉयस्टिकला, हेडफोनला आणि वीजबिलाला. आणि हो, बायकोच्या मते आयुष्यालाही.

माझं वय चव्वेचाळीस. या वयात माणसाने रात्री अकराला कानाला हेडफोन लावून "मागे बघ, मागे बघ" असं ओरडावं का, हा वेगळा विषय. पण नेतृत्व म्हणजे काय आणि टीम कशी मोडते, हे मी जितकं या खेळात जवळून पाहिलं तितकं नोकरीतल्या वीस वर्षांत पाहिलं नाही. नोकरीत टीम मोडली तरी हजेरीपटावर ती शाबूत दिसते. इथे माणूस लॉगिन करत नाही, संपला विषय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑनलाइन हवाई लढाईचे गेम बरेच आहेत. 'वॉर थंडर'सारख्या गेममध्ये मोबाइलवर वाढलेलं पोरगंही दहा मिनिटांत विमान उडवतं. आम्ही खेळतो ते 'डीसीएस वर्ल्ड'. त्यात विमान नुसतं चालू करायला शिकण्यात एक रविवार जातो. कॉकपिटमधली बहुतेक बटणं खरोखर काम करतात. एका सर्व्हरवर दोन बाजू, प्रत्येक बाजूला वीस-तीस माणसं, आणि तीन-चार तास चालणारी लढाई. सर्व्हर बहुतेक युरोपात, त्यामुळे त्यांची संध्याकाळ ही आमची रात्र.

आमचं विमान ठरलेलं : मिग-२१ बिस. कारण भावनिक आहे. ओझरला एचएएलमध्ये मिग-२१ बनायची. आमच्या ग्रुपमधल्या दोघांचे वडील आणि एकाचे आजोबा तिथे कामाला होते. २६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला हवाई दलाने या विमानाला निरोप दिला, त्या रात्री आमच्यापैकी काही जण नुसतेच, एकही गोळी न झाडता, ओळीने उडत राहिले होते.

भावना ठीक, पण लढाईत मिग-२१ म्हणजे जवळजवळ आंधळं विमान. वेग जबरदस्त, पण रडार तोकडं, समोरच्या काचेच्या जाड चौकटी नजरेत येतात, मागचं तर विचारूच नका. इंधन कमी, आणि आफ्टरबर्नर लावून धरला तर काटा डोळ्यांदेखत खाली येतो. या विमानाची रचनाच अशी की जमिनीवरून कुणीतरी रडारवर बघून सांगायचं : इकडे वळ, इतक्या उंचीवर जा, आता रडार लाव. वैमानिकाने एकट्याने शूरपणा करावा म्हणून ते बनवलेलंच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ग्रुप सुरू झाला तेव्हा आम्ही चौदा जण होतो. बहुतेक नाशिकचे, दोन पुण्याचे, जळगावची एक ताई, एक जण जर्मनीत, एक कुवेतमध्ये. नेता कोण हा प्रश्न आलाच नाही. आमच्यात एक इंजिनिअरिंगचा मुलगा होता, त्याचा नेम असा की समोरचा वळायच्या आत याची गोळी तिथे पोचलेली असायची. त्याला आपण नेमबाज म्हणू. लढाई संपली की स्कोअरबोर्डवर याचं नाव सगळ्यात वर. मग काय, झाला तो लीडर. हे इतकं आपोआप झालं की कुणाला त्यात ठरवण्यासारखं काही आहे असंही वाटलं नाही. क्रिकेटमध्ये, मंडळात, सोसायटीत, पक्षात आपण हेच करतो. जो जास्त रन काढतो त्याच्या हातात बॅट तर देतोच, वर टॉस उडवायला, फिल्डिंग लावायला आणि डबा कुठून मागवायचा हे ठरवायलाही तोच.

मुलगा वाईट नव्हता. पण शत्रूचं विमान दिसलं की त्याचे कान बंद व्हायचे. तो मागे लागला की लागला. हवाई लढाईत विमानं जोडीने उडतात. एक नंबर पुढे, तो मारतो. दोन नंबर थोडा मागे, बाजूला, तो पुढच्याची पाठ राखतो. एक नंबर वाटेल तसा गिरक्या मारत दहा मैल लांब गेला, की दोन नंबरला त्याच्या मागे फरपटत जावं लागतं. स्वतःचा वेग घालवून, उंची घालवून. आणि वेग नाही, उंची नाही अशा मिगला पाडायला कुणीही चालतं.

तर नेमबाजाचा दोन नंबर होता सिन्नरचा एक पोरगा. आयटीआय झालेला, एमआयडीसीत शिफ्टला जायचा. सेकंड शिफ्ट सुटली की घरी येऊन, जेवून, साडेबाराला लॉगिन. कमी बोलायचा. सेकंडहँड जॉयस्टिक, तिचा स्प्रिंग गेलेला, रबरबँड लावून चालवायचा. एका महिन्यात त्याच्या नावावर दोन किल आणि पन्नासच्या वर मरण. नेमबाजाच्या नावावर साठ-सत्तर किल. स्कोअरबोर्ड बघणाऱ्याला काय दिसणार? एक वाघ आणि एक ओझं. ग्रुपमधल्या एकाने तर लिहिलंही, "याला जरा ट्रेनिंग द्या रे कुणीतरी."

पोरगा त्या रात्री मला एवढंच म्हणाला, "दादा, मी फक्त मरायला येतो का?"

त्यानंतर तो आला नाही. चौदाचे पाच व्हायला तीन महिनेही लागले नाहीत. भांडणं किलवरून. मी अर्धा पाडलेला तू कशाला मारलास, हा किल माझा होता, वगैरे. गणेशोत्सवात देखाव्याच्या फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की फ्लेक्सवरून भांडताना कुणी विमान सोडून जात नाही.

आता थोडा इतिहास, कारण हे सगळं आधी होऊन गेलेलं आहे. ओस्वाल्ड बोल्के हा पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक. चाळीस विमानं पाडलेली, म्हणजे त्या काळचा नेमबाजच. पण त्याची खरी कमाई ती नव्हे. १९१६ मध्ये त्याने हवाई लढाईचे आठ नियम लिहून काढले आणि नव्या पोरांकडून घोटून घेतले. त्यातला एक असा की हल्ला गटाने करा, आणि एकाच शत्रूवर दोघे तुटून पडू नका. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला तो मेला, शत्रूच्या गोळीने नाही. लढताना त्याच्याच सहकाऱ्याच्या विमानाचं चाक त्याच्या पंखाला लागलं. ज्याने शिस्त लिहिली तोही गर्दीत आपल्याच माणसाला चुकवू शकला नाही, इतकं हे प्रकरण अवघड आहे.

दुसरा जॉन थॅक, अमेरिकन नौदलाचा. १९४१ मध्ये त्याच्या कानावर आलं की जपानचं झीरो विमान आपल्यापेक्षा चपळ आहे. मग हा गडी घरी टेबलावर काड्यापेटीतल्या काड्या मांडून बसला. एकट्याने झीरोपुढे निभाव नाही, हे त्याने धरूनच चालायचं ठरवलं. उत्तर निघालं ते असं : दोन विमानं शेजारी शेजारी, मध्ये अंतर ठेवून उडतील. एकाच्या मागे शत्रू लागला की दोघं एकमेकांच्या दिशेने वळतील. पाठलाग करणारा आपोआप दुसऱ्याच्या बंदुकीसमोर येईल. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत त्याने हे करून दाखवलं. गंमत बघा, यात ज्याच्या मागे शत्रू आहे तो स्वतःला वाचवत नाही. तो जोडीदाराकडे वळतो आणि विश्वास ठेवतो. दुबळं विमान जोडीने भारी पडतं ते एवढ्यावर.

आणि आपलं बोयरा. २२ नोव्हेंबर १९७१, युद्ध जाहीर व्हायच्या आधीची गोष्ट. पश्चिम बंगालच्या सीमेवर पाकिस्तानी सेबर आले, २२ स्क्वाड्रनची चार छोटी नॅट विमानं डमडमवरून उडाली. मॅसी, सोआरेस, गणपती, लझारस. दोन पाकिस्तानी वैमानिक पॅराशूटने उतरून आपल्या हाती लागले, त्यातला एक पुढे त्यांच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. एवढी गोष्ट विमानवेड्या पोरांना पाठ असते. पण नॅटमध्ये दूरचं शोधणारं रडार नव्हतं. या चौघांना नेमकं सेबरच्या मागे नेऊन ठेवलं ते जमिनीवर रडारसमोर बसलेल्या फ्लाइंग ऑफिसर के. बी. बागची यांनी. मी आजवर जितक्या जणांना विचारलं त्यांतल्या फार थोड्यांना हे नाव माहीत होतं. बागचींनी एकही गोळी झाडली नाही ना!

असो. पुन्हा आमच्या पाच जणांकडे येतो.

आमच्यातल्या एकाचे वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते. रिटायर होऊन घरी बसलेले. पोरगा रात्री काय आरडाओरडा करतो म्हणून एकदा खुर्ची घेऊन मागे बसले. दोन तास बघितलं. म्हणाले, "तुमच्यात कंट्रोलर कोण आहे?" पोरगा म्हणाला, कुणी नाही. "मग गाड्या सोडतंय कोण?"

डीसीएसमध्ये विमान न उडवता नुसतं नकाशावर बसून आपल्या बाजूच्या रडारला दिसेल तेवढं बघता येतं, आणि रेडिओवरून सांगता येतं. काकांना विमान कधीच जमलं नाही. दोनदा धावपट्टीवरच उलटं केलं आणि नाद सोडला. पण नकाशावर बसले आणि जणू स्टँडवर बसले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी रेडिओवरची बडबड बंद केली. "पाडला रे!", "अरे यार!", "काय मारलाय!" हे सगळं बंद. बोलायचं ते चारच गोष्टी : दिशा, अंतर, उंची, आणि शत्रूचं तोंड आपल्याकडे की पाठ. इंग्रजी वैमानिकांचे याला ठरावीक शब्द आहेत, काकांनी ते मराठीत केले. "नव्वद, पंचवीस, पाच हजार, तोंड." "दोनशे दहा, पंधरा, तीन हजार, पाठ." ऐकायला कोरडं, पण कॉकपिटमध्ये घाम फुटलेला असताना हा आवाज कानावर आला की बरं वाटतं, हे मी शपथेवर सांगतो.

दर पाच मिनिटांनी ते प्रत्येकाला इंधन विचारायचे. नुसतं "तीन नंबर, तेल?" आम्ही हसायचो. मग लक्षात आलं की आमची निम्मी विमानं शत्रूने पाडलेली नव्हतीच, ती तेल संपून शेतात उतरलेली होती. स्कोअरबोर्ड दोन्ही सारखंच मोजतो.

तिसरी गोष्ट मात्र त्यांनी भांडून घेतली. नियम असा : कुणीही "फिरा" म्हटलं की सगळे फिरणार. का फिरायचं ते उतरल्यावर विचारायचं. हवेत नाही. नेमबाज तडकला. म्हणाला, "काका, मी त्याच्या मागे आहे, दोन सेकंदांत पडतो तो, आणि कुणी तरी नवखा घाबरून फिरा म्हणाला तर मी सोडायचा?" काका म्हणाले, "सोडायचा." तो महिनाभर आला नाही.

तोवर जळगावच्या ताईला लीडर केलं. बँकेत आहे, नेम यथातथाच. पण ती उड्डाणाआधी प्रत्येकाला विचारायची की आज झोप झालीय का, नेट बरं आहे का, किती वाजेपर्यंत आहेस. ज्याला बाराला उठायचंय त्याला ती दोन तासांच्या मोहिमेत मध्यावर ठेवत नसे. हे नेतृत्व आहे असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. याला आपण 'घरातलं बघणं' म्हणतो आणि बायकांवर सोडून देतो.

उतरल्यावर मग अर्धा तास गप्पा. 'टॅकव्ह्यू' नावाचं एक सॉफ्टवेअर सगळ्या लढाईची नोंद ठेवतं, कोण कुठे होता ते मागे-पुढे करून दिसतं. त्यामुळे फुशारकीला वावच नाही. ताईने ठरवलं की आधी सगळ्यात नवा बोलेल, लीडर शेवटी. कारण लीडर आधी बोलला की बाकीचे मान डोलावतात. आपल्याकडच्या आढावा बैठका आठवा. साहेब चाळीस मिनिटं बोलतात आणि मग विचारतात, "कुणाला काही अडचण?" कुणाला असणार?

आता सगळं सुरळीत झालं असं नाही. आम्ही अकरा झालो आहोत. नेमबाज परत आला, आता तो दोन नंबरही उडवतो, पण महिन्यातून एकदा त्याचे कान बंद होतातच. हरतो तेव्हा बरेचदा मोठ्या फरकाने हरतो. कारण समोरच्या बाजूला पोलंडची, तुर्कस्तानची पोरं वर्षानुवर्षं एकत्र उडणारी असतात. सिन्नरचा पोरगा मात्र परत आला नाही. मध्यंतरी एका सर्व्हरवर त्याचं नाव दिसलं, ब्राझीलच्या लोकांच्या ग्रुपमध्ये. मी मेसेज केला. म्हणाला, "दादा, इथे पाठ राखली तर लोक थँक्यू म्हणतात. भाषा कळत नाही, पण तेवढं कळतं." यावर मी काय बोलणार?

हे सगळं इथे का लिहितोय? कारण २०२७ मध्ये आमच्या गावात सिंहस्थ आहे. तयारीच्या बातम्या रोज येतात. कुणी किती कोटींची कामं आणली, कुणी पाहणी केली, कुणी अधिकाऱ्यांना झापलं. सगळ्या बातम्यांत एक नंबर. सगळ्या फोटोंत एक नंबर. २७ ऑगस्ट २००३ या दिवशी नाशिकमध्ये चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. तेव्हा काका एसटीत कुंभाच्याच ड्युटीला होते. त्या दिवसाबद्दल ते फारसं बोलत नाहीत. २०१५च्या कुंभाबद्दल बोलतात. शहराबाहेरच्या वाहनतळावर बसचा फेरा धरायचं काम त्यांच्याकडे होतं.

"गाडी सोडा म्हणणारे पन्नास जण असतात," ते म्हणाले. "भाविक म्हणतात सोडा, ड्रायव्हर म्हणतो सोडा, वरून फोन येतो सोडा. पुढे गर्दी तुंबलीय, धरून ठेवा, असं सांगणारा एकच असतो, आणि तो सगळ्यात खालच्या पगाराचा असतो. त्याने धरलं आणि पुढे काहीच झालं नाही, तर लोक म्हणतात, उगाच अर्धा तास बसवून ठेवलं."

म्हणजे त्याचं काम बरोबर झाल्याचा पुरावाच नसतो. पाठ राखणाऱ्याचं नेमकं तसंच. शत्रू मागे आलाच नाही, तर तू केलंस काय?

म्हणून पालकमंत्री, आयुक्त, जिल्हाधिकारी, जे कुणी असतील त्यांना मला एकच प्रश्न विचारायचा आहे, आणि नाशिककरांनीही तो विचारावा. रामकुंडाकडे जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर आणि नियंत्रण कक्षातल्या प्रत्येक कॅमेऱ्यासमोर जो माणूस बसणार आहे, तो कुणालाही फोन न करता "थांबवा" म्हणू शकतो का? आणि त्याने म्हटल्यावर, मागे कुठल्याही महाराजांची मिरवणूक असो की मंत्र्यांचा ताफा, खरंच सगळं थांबतं का? की आधी साहेबांना विचारावं लागतं? हे कागदावर लिहिलेलं आहे का? असेल तर दाखवा. नसेल तर लिहायला अजून वेळ आहे. आणि सराव करायला त्याहून कमी, कारण "फिरा" ऐकून फिरायला आम्हाला, खोट्या विमानांत बसून, चार महिने लागले.

काकांना मी म्हटलं, तुम्ही जाऊन सांगा ना कुणाला तरी. म्हणाले, "रिटायर माणसाचं कोण ऐकतं रे," आणि रेडिओवर गेले. दोन नंबरचं तेल विचारायचं होतं.

रविवारी रात्री साडेअकराला आमची मोहीम आहे. एक जागा रिकामी आहे, दोन नंबरची. नेम नसला तरी चालेल, माईक मात्र चांगला हवा. कमेंटमध्ये सांगा. आणि सिन्नरच्या पोरा, वाचत असशील तर जॉयस्टिकचा नवा स्प्रिंग मी आणून ठेवलाय, तू कुणाबरोबरही उड, पण तो घेऊन जा.